‘चाचणी’ नावाच्या चोराची तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
संगणक व दूरसंचार तक्रार कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने)

विषय : घरगुती वायफायमध्ये शिरलेल्या ‘चाचणी’ नामक अज्ञात इसमाविरुद्धची तक्रार रद्द करून जप्त संगणक येत्या शुक्रवारी सायंकाळपूर्वी परत मिळणेबाबत, ते शक्य नसल्यास राजाला एक घर डावीकडे नेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची स्वतःची तक्रार, जी आपल्या कक्षाच्या फलकावर ‘नमुना तक्रार’ म्हणून लावलेली आहे.
२) पंचनामा, ज्यावर पंच म्हणून अर्जदाराचीच सही आहे.
३) आपल्या आवक लिपिकांनी अर्जदारास खिडकीतून दिलेली तोंडी उत्तरे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक टेबलावर काम करीत असून अर्ज कसा लिहावा हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. ही बाब तो अभिमानाने नव्हे, खेदाने नमूद करीत आहे. मूळ तक्रार त्याने इतकी मुद्देसूद लिहिली नसती, तर ती इतर तक्रारींप्रमाणे आपल्या कक्षात सुखाने पडून राहिली असती आणि पुढचे काहीच घडले नसते. ती लिहून झाल्यावर अर्जदाराने पत्नीला मोठ्याने वाचून दाखविली होती. पत्नी म्हणाली, "लग्नाआधी मला एवढं छान पत्र कधी लिहिलं नाहीत." अर्जदार ती स्तुती समजला.

२. प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. अर्जदाराच्या घरी पूर्वी एकच संगणक होता. पुढे पत्नीला तिच्या नोकरीतून लॅपटॉप मिळाला, मुलीला कॉलेजसाठी घ्यावा लागला आणि इंटरनेटची वायर मात्र एकच राहिली. ज्याला हवी त्याने ती ओढून न्यायची, अशी पद्धत पडली. ही वायर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जात असे. एके दिवशी पत्नी तिच्यात पाय अडकून हातातल्या पातेल्यासकट पडली. उठल्यावर ती एवढेच म्हणाली, "या घरात ही वायर तरी राहील, नाही तर मी तरी." अर्जदाराने विचारास मुदत मागितली नाही.

३. सबब अर्जदाराने दोन शिंगांचा राउटर आणला आणि सोबतची पुस्तिका वाचून स्वतः बसविला. प्रथम तो टीव्हीमागे ठेवला, तर मुलीच्या खोलीपर्यंत काही पोहोचेना. मग फ्रीजवर ठेवला, तर तिथे तो डुलू लागला. अखेर कपाटावर, जुन्या सुटकेसच्या शेजारी, त्याचे बस्तान बसले. त्या संध्याकाळी तिन्ही संगणक आणि प्रिंटर एकाच वेळी चालले. कोणी कोणाच्या पायात आले नाही आणि कोणी कोणाशी बोललेही नाही. जाळे यशस्वी झाले, असे अर्जदार समजला. पुस्तिकेतील ‘सुरक्षा’ हे प्रकरण अगदी शेवटी होते आणि तोवर अर्जदाराचे डोळे मिटू लागले होते. त्याने राउटरच्या बुडाशी छापलेला पासवर्ड तसाच चालू ठेवला.

४. यानंतर बऱ्याच महिन्यांनी अर्जदाराच्या कार्यालयात माहिती सुरक्षेचे प्रशिक्षण झाले. प्रशिक्षक तरुण असून त्यांनी सर्वांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घराला कुलूप आहे. तुमच्या वायफायला आहे का?" सभागृहात बसलेले सर्व लोक पाणीपुरवठ्यातील असल्याने गळतीची त्यांना सवय होती, कोणी विशेष मनावर घेतले नाही. अर्जदाराने घेतले. घरी येऊन बूट न काढताच त्याने राउटरचे पान उघडले. तिथे जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. त्यात अर्जदाराचा संगणक होता, पत्नीचा होता, मुलीचा होता, प्रिंटर होता. आणि सर्वांच्या खाली आणखी एक नोंद होती. तिचे नाव ‘चाचणी’.

५. अर्जदाराने घरातील एकेक यंत्र बंद केले. पत्नीचे काम अर्धवट राहिले, मुलीचा वर्ग मध्येच तुटला. यादीतील एकेक नाव गळत गेले आणि शेवटी काळ्याकुट्ट घरात एकटी ‘चाचणी’ उरली. महोदय, त्या क्षणी अर्जदाराच्या अंगावर जो काटा आला, तो मूळ तक्रारीच्या परिच्छेद चारमध्ये सविस्तर वर्णिलेला आहे. त्याच परिच्छेदात अर्जदाराने असेही लिहिले होते की, "सदर इसमाने ‘चाचणी’ हे टोपणनाव धारण केले असून, त्यावरून तो प्रथम चाचपणी करून मग मोठा हात मारणारा सराईत गुन्हेगार असावा." हे वाक्य आपल्या कक्षाने फलकावरील प्रतीत लाल शाईने अधोरेखित केले आहे.

६. तक्रार दाखल करून अर्जदार स्वस्थ बसला नाही. सुतावरून स्वर्ग गाठण्याचा त्याचा स्वभाव घरच्यांना ठाऊक आहे. त्याने पासवर्ड बदलून दोन ओळींचा केला. जाळ्याचे नाव लपविले. शिवाय, यादीत नोंदविलेल्या यंत्रांखेरीज कोणालाही प्रवेश नाही, अशी अट घातली. ही यादी भरताना प्रिंटर राहून गेला आणि पत्नीच्या यंत्राच्या ओळख क्रमांकातला एक आकडा चुकला. पत्नी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसून मोबाईलच्या इंटरनेटवर कार्यालयाचे काम करू लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागली, "आमच्याकडे चोर सोडून सगळ्यांना बंदी आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, तू चोराला बाहेर काढलंस का आम्हाला?" अर्जदाराने दोघींच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले, कारण यादीतून ‘चाचणी’ नाहीशी झाली होती.

७. त्याच सुमारास वरच्या मजल्यावरील चष्मेवाले काका अर्जदाराच्या दारी आले. काका एकटे राहतात. चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात त्यांची सारी हयात गेली. दुकान दोघा भावांचे होते. भिंगे काकांनी घासायची आणि फ्रेम धाकट्याने बसवायची. पुढे भावांचे बिनसले, दुकान मोडले, धाकटा दूर दुसऱ्या देशात निघून गेला आणि बोलणे बंद झाले. भांडण कशावरून झाले हे काकांना आता नीट आठवत नाही, आणि धाकट्याला विचारता येत नाही, कारण बोलणे बंद आहे.

काका दारात उभे राहून म्हणाले, "जरा माझा लॅपटॉप बघता का? तीन-चार दिवस झाले, धाकट्याची चाल दिसत नाही." अर्जदार म्हणाला, "काका, सध्या माझ्याच घरात चोर शिरलाय. तो धरला की बघतो." त्यावर काका अत्यंत आस्थेने म्हणाले, "धरा, धरा. असल्यांना सोडू नये." आणि कठडा धरून जिना चढून गेले.

८. पुढील आठवड्यात आपल्या कक्षाचे दोन कर्मचारी अर्जदाराकडे आले. बंदोबस्त पाहून त्यांनी सांगितले की, एवढ्या बंदोबस्तात चोर येणार कसा आणि तो आला नाही तर सापडणार कसा. सबब त्यांच्या सूचनेवरून अर्जदाराने सगळी कुलुपे काढून जुना पासवर्ड परत लावला आणि सर्व जण पडद्याकडे पाहत बसले. दुपारी ‘चाचणी’ आली. कर्मचाऱ्यांजवळ वायफायची लहर मोजण्याचे छोटे यंत्र होते. ते हातात धरून एक जण पुढे, दुसरा त्याच्या मागे आणि अर्जदार सर्वांत मागे, असे सर्व जण दाराबाहेर पडून जिना चढू लागले. यंत्राचे दिवे पायरीगणिक वाढत होते. वरच्या मजल्यावर ते सगळे पेटले. समोर एकच दार होते.

काकांनी दार उघडले आणि एवढी माणसे पाहून आनंदाने म्हणाले, "या, या. आत्ताच सुरू झालं बघा आपोआप. धाकट्याची चाल आलीये."

९. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. त्याच्या झाकणाचा कोपरा तुटलेला असून त्यावर निळी चिकटपट्टी होती. ती चिकटपट्टी अर्जदाराच्या घरची होती. अर्जदारानेच ती लावली होती.

महोदय, येथे अर्जदारास आपले म्हणणे संथपणे मांडणे अवघड जात आहे, तरी प्रयत्न करीत आहे. मागच्या वर्षी काकांना कोणीतरी हा जुना लॅपटॉप दिला तेव्हा तो सुरू होत नव्हता. अर्जदार मोठ्या हौसेने तो खाली घेऊन आला, पुसूनपासून दुरुस्त केला, आपल्या वायफायला जोडून त्यात लागणारे सगळे नवे सॉफ्टवेअर भरून घेतले, बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर काकांचे खाते उघडून दिले आणि काम तात्पुरते असल्याने यंत्राला तात्पुरते नाव दिले. ‘चाचणी’. मग तो वर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "झालं काका, आता चालेल." तो चालला. एका मजल्याच्या अंतरावरून वायफाय व्यवस्थित वर जात होते. काकांनी समजूत करून घेतली की इंटरनेट लॅपटॉपमध्येच असते, जशी घड्याळात वेळ असते. आणि काकांना इंटरनेट कुठून मिळते हा प्रश्न अर्जदाराला, तो स्वतः पाणीपुरवठ्यात असूनही, एकदाही पडला नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच, फरक इतकाच की अर्जदाराने गावाला वळसा घालताना सरकारी माणसेही सोबत घेतली.

१०. ही गोष्ट अर्जदाराला त्या खोलीत उभ्या उभ्या, चिकटपट्टी पाहताक्षणी कळली. ती त्याच वेळी सांगणे त्याचे कर्तव्य होते. सांगण्यास त्याला कोणीही अडविले नव्हते. परंतु दोघा कर्मचाऱ्यांपैकी वयस्कर गृहस्थ त्याच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तक्रार लिहावी तर तुमच्यासारखी. वाक्यनवाक्य खरं निघालं." आणि अर्जदार गुळणी धरल्यासारखा उभा राहिला.

काकांनी विचारले, "मी काय चोरलं म्हणता?" कर्मचारी म्हणाले, "इंटरनेट." काका म्हणाले, "ते दिसतं कसं?" कर्मचाऱ्यांनी पंचनाम्याचा कागद काढला. पंचनाम्यास पंच मिळेना म्हणून अर्जदाराने सही केली. यंत्राचे नाव ‘चाचणी’ असल्याचे त्यात नमूद आहे आणि ते पंचाने वाचून खात्री केल्याचेही नमूद आहे. लॅपटॉप गोणपाटात गुंडाळून नेताना काकांनी फक्त एक विनंती केली, "तेवढं झाकण जपून. कोपरा नाजूक आहे, यांनी चिकटवून दिलाय." ‘यांनी’ म्हणताना त्यांनी अर्जदाराकडे बोट दाखविले. ते बोट कर्मचाऱ्यांनी पाहिले नाही. अर्जदाराने पाहिले.

११. संध्याकाळी काका खाली आले. अर्जदाराला वाटले, आता सोक्षमोक्ष होणार, आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरेही वाटले. परंतु काका क्षमा मागायला आले होते. ते खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "तुमचं काहीतरी वर माझ्याकडे येत होतं म्हणे. मला खरंच ठाऊक नव्हतं. किती आलं तेवढं सांगा, परत करतो." पत्नी आतून पाणी घेऊन आली. तिने ग्लास काकांच्या हातात दिला आणि अर्जदाराकडे पाहिले. तिला त्या क्षणापर्यंत काहीही माहीत नव्हते, तरी तिने तसे का पाहिले, हे अर्जदाराला आजतागायत कळलेले नाही. अर्जदार म्हणाला, "राहू द्या हो काका." हे बोलताना आपण मोठ्या मनाने माफ करीत आहोत असा आपला आवाज लागला, हे त्याचे त्यालाच ऐकू आले.

१२. दुसऱ्या दिवशीपासून जिन्यात फरक पडला. तळमजल्यावरच्यांनी दाराबाहेरची सायकल आत घेतली. काकांना भेटणारी माणसे खिसे चाचपू लागली. पत्नीने जेवताना विचारले, "त्या म्हाताऱ्याला येतं का हो असलं काही? माउस उलटा धरतात ते." अर्जदाराने भाताचा आणखी एक घास घेतला. ती म्हणाली, "मग त्यांना जोडून कोणी दिलं?" अर्जदाराने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो रिकामा असूनही बराच वेळ लावून धरला. मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी मागे दुरुस्त केला होता ना तो."  ताटे उचलताना पत्नी म्हणाली, "ज्याने चोर घरात घेतला त्यानेच भुई धोपटली म्हणायची."

१३. अखेर अर्जदार वर गेला आणि त्याने काकांना सर्व सांगितले. उभे राहून सांगितले, कारण बसण्याचा त्याला अधिकार वाटला नाही. काकांनी शांतपणे ऐकले. रागावले नाहीत. रागावले असते तर हा अर्ज एवढा लांबला नसता. ते म्हणाले, "म्हणजे ते तुमचं होतं आणि तुम्हीच दिलं होतं. बरं. मग माझा डाव?"

१४. येथून पुढील भाग या अर्जाचा मुख्य हेतू असल्याने महोदयांनी चहा बाजूस ठेवून वाचावा, अशी विनंती आहे.

काका आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात पत्र नाही, फोन नाही, निरोप नाही. गेले वर्षभर बुद्धिबळाचा एक डाव मात्र आहे. धाकट्या भावाने काकांचे नाव त्या संकेतस्थळावर कसे हुडकून काढले कोण जाणे, पण पहिली चाल त्याच्याकडून आली. संकेतस्थळावर संदेश लिहिण्याचीही सोय आहे. दोघांनी ती बंद ठेवलेली आहे. एका चालीला पंधरवड्याची, शेवटच्या दिवशी सायंकाळपर्यंत, मुदत असते. त्या मुदतीत खेळले नाही, तर त्या खेळाडूने डाव सोडला असे धरून डाव कायमचा मिटवला जातो. धाकट्याची शेवटची चाल नेमकी जप्तीच्या दुपारी आली. तिची मुदत येत्या शुक्रवारी सायंकाळी संपते.

काकांनी टेबलावर खराखुरा पट मांडून ठेवला आहे. अर्जदाराला बुद्धिबळ बेताचेच येते, पण त्यालाही पटावर एक गोष्ट दिसली. तो म्हणाला, "काका, तुमच्या उंटाने त्यांचा वजीर मरतोय." काका म्हणाले, "मरतोय ना. गेल्या उन्हाळ्यापासून मरतोय." "मग मारत का नाही?" काकांनी अर्जदाराकडे, डोळे तपासताना पाहत असत तसे, जरा मान वाकडी करून पाहिले. "मारला की डाव संपला. मग उद्या काय?" मग हत्तीकडे बोट करून म्हणाले, "त्याच्या हत्तीला माझा राजा कोंडता येतो. त्यालाही दिसतंय. मीच शिकवलंय त्याला, न दिसून सांगतो कोणाला. पण तोही खेळत नाही."

अर्जदाराने सुचविले की, भावाला पत्र लिहून अडचण कळवावी. काका म्हणाले, "काय लिहू? आम्ही बोलत नाही."

१५. आता साहजिकच आपण विचाराल की, काकांनी दुसऱ्या कोणाच्याही संगणकावरून ती चाल का खेळू नये. अर्जदाराने आपल्या तिन्ही संगणकांवर तो प्रयत्न केला. त्यासाठी खात्याचा पासवर्ड लागतो. तो अर्जदारानेच मागच्या वर्षी, अत्यंत सुरक्षित असा, बनविला होता. कोणाला सांगू नये असा नियम असल्याने काकांना सांगितला नाही. लिहून ठेवू नये असा नियम असल्याने लिहिला नाही. सहज लक्षात राहण्याजोगा नसावा असा नियम असल्याने लक्षात राहिला नाही. तो फक्त त्या लॅपटॉपच्या पोटात साठविलेला आहे. पासवर्ड विसरल्यास ‘तुमच्या आवडत्या शिक्षकांचे नाव काय’ असा प्रश्न येतो. त्याचे खरे उत्तर देऊ नये, असे कोठेतरी वाचल्याने अर्जदाराने खोटे उत्तर दिले होते. ते कोणते, हे तो स्मरण्याचा प्रयत्न करीत आहे. आतापर्यंत त्याने आपल्या शाळेतील सर्व शिक्षक, शिपाई आणि एका शिक्षकांचे बंधू असे सर्व घालून पाहिले आहेत. एवढ्या सुरक्षेपुढे खरा चोरही हात टेकेल. अर्जदाराने टेकले आहेत.

१६. सबब अर्जदार तक्रार मागे घेण्यासाठी आपल्या कक्षात हजर झाला. तेथील आवक लिपिकांनी सौजन्याने सांगितले, "तक्रार खोटी असती तर मागे घेता आली असती. तुमची खरी निघाली." अर्जदार म्हणाला, चोर काका नसून मीच आहे, माझे नाव आरोपी म्हणून घ्या. लिपिकांनी तसे करून पाहिले. तक्रारदार आणि आरोपी या दोन्ही रकान्यांत एकच नाव टाकल्यास संगणक ते स्वीकारत नाही, असे आढळले. अर्जदार म्हणाला, मग तक्रारदाराच्या रकान्यातून माझे नाव काढा. ते म्हणाले, "मग तक्रार कोणाची?" त्यांनी बराच वेळ विचार करून तोडगा सुचविला की, काकांनीच अर्जदाराविरुद्ध स्वतंत्र तक्रार द्यावी. अर्जदाराने वर जाऊन हात जोडून काकांना तशी विनंती केली. काका म्हणाले, "तुमच्याविरुद्ध? तुम्ही तर मला डाव मिळवून दिला." आणि त्यांनी साफ नकार दिला.

अर्जदार कक्षात परत आल्यावर लिपिक म्हणाले, "मुद्देमाल सोडायचा तर मालक निर्दोष तरी हवा नाही तर दोषी तरी. तुमचे काका अजून चौकशीअधीन आहेत." चौकशी कधी पूर्ण होईल असे विचारता त्यांनी कपाटाकडे पाहिले. तेथे मुद्देमालाच्या गोण्या एकावर एक रचलेल्या होत्या. मधल्या एका गोणीच्या फाटक्या टोकातून निळी चिकटपट्टी दिसत होती. अर्जदार तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता.

१७. याच भेटीत अर्जदाराला फलकावर आपली तक्रार लावलेली दिसली. वर ठळक अक्षरांत ‘नमुना तक्रार : नागरिकांनी अशी लिहावी’ असे होते. एक महिला तिच्यावरून आपली तक्रार उतरवून घेत होती आणि परिच्छेद चारपाशी तिने अर्जदारालाच विचारले, "‘सराईत’ असंच लिहू का? माझा चोर पहिल्यांदाच आलाय." अर्जदाराने तिला, शेजाऱ्यांकडे आधी एकदा चहाला जाऊन या, असे सांगितले. त्याबद्दल कक्षाच्या कामात अडथळा आला असल्यास अर्जदार दिलगीर आहे.

१८. सबब विनंती की,

(अ) फलकावरील नमुना तक्रार काढून टाकावी. तिच्या जागी वाटल्यास हा अर्ज लावावा, पण तो नागरिकांनी लिहावा असा नाही.

(आ) काकांना चौकशीतून मोकळे करावे आणि लॅपटॉप शुक्रवारी दुपारपर्यंत परत द्यावा. न्यायला अर्जदार स्वतः येईल. त्याने घरी पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय उघडून ठेवले असून त्याला साधा, काकांना पाठ होईल असा पासवर्ड लावला आहे. काकांना इंटरनेट कुठून येते हे आता समजावून सांगितले आहे. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या कपाटावरून? मग कपाट पुसत जा अधूनमधून."

(इ) हे दोन्ही शक्य नसल्यास पुढीलप्रमाणे करावे; ही विनंती विचित्र वाटेल याची अर्जदाराला जाणीव आहे. कृपया शुक्रवारी सायंकाळपूर्वी आपल्या कक्षातील कोणीही तो लॅपटॉप गोणीतून काढून सुरू करावा. तो उघडण्यास पासवर्ड लागत नाही, कारण दुरुस्तीच्या दिवशी अर्जदार थकला होता. त्याला आपल्या कक्षाचे वायफाय जोडावे. त्याचा पासवर्ड आवक खिडकीशेजारच्या भिंतीवर कॅलेंडरखाली मोठ्या अक्षरांत चिकटविलेला आहे. अर्जदाराने तो वाचला असून वापरलेला नाही. हा खरे तर स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे, परंतु अर्जदाराने तक्रारी करणे सोडले आहे. जोडणी होताच डावाचे पान आपोआप उघडेल. तेथे काकांची चाल खेळावी.

१९. चाल कोणती, हे अर्जदाराने काकांना विचारून घेतले. ते पटाकडे बराच वेळ पाहत बसले होते. मग म्हणाले, "राजा एक घर डावीकडे. मागच्या वेळी उजवीकडे नेला होता." अर्जदाराने विचारले, एवढेच? ते म्हणाले, "एवढंच. त्याला कळेल मी आहे म्हणून."

आपल्या कक्षात ज्यांना बुद्धिबळ चांगले येते अशा कर्मचाऱ्यांकडे हे काम सोपवू नये, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. त्यांना वजीर दिसेल. तो मारण्याचा मोह कोणालाही होईल. आपण हुशारी केली आणि कोणाचे तरी भलेच केले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटेल. ते कसे वाटते, हे अर्जदाराला चांगले ठाऊक आहे. म्हणून हात जोडून विनंती की, वजीर मारू नये. फक्त राजाला एक घर डावीकडे न्यावे, आणि झाकण हळूच मिटावे. कोपरा नाजूक आहे.

आपल्या दप्तरी तक्रारदार आणि वस्तुतः आरोपी असलेला,

(सही)
अर्जदार, खालचा मजला

दिनांक : मुदतीच्या आठवड्यातील मंगळवार

सोबत :
१) मूळ तक्रारीची प्रत. परिच्छेद चार अर्जदाराने खोडला आहे.
२) डावाच्या सद्यःस्थितीचे चित्र, काकांनी चौकटीच्या कागदावर स्वतः काढलेले. राजा कुठे न्यायचा तिथे बाण आहे. वजिरावर काकांनी बोटाने झाकल्यासारखा गोल केला आहे, तो खूण समजू नये.
३) पत्नीचे अनुमोदन. मजकूर : "वरील सर्व खरे आहे. यांनीच केले."
४) निळी चिकटपट्टी, एक गुंडाळी. लागल्यास.